इंटरफेरॉनचा निरोप केंद्रकापर्यंत कसा पोहोचतो : एका शोधाचा इतिहास

इंटरफेरॉन या द्रव्याचा शोध इ. स. १९५७ मध्ये लागला. आणि ते पेशीच्या अंतर्भागात आपले कार्य कोणत्या मार्गाने घडवून आणते याचा उलगडा १९९२ ते १९९४ या काळात झाला. मधली पस्तीस वर्षे नुसत्या प्रतीक्षेची म्हणून सोडून देण्याचा प्रघात आहे. पाठ्यपुस्तकांत हा काळ एका ओळीत संपतो : आधी शोध, मग शुद्धीकरण, मग जनुकांचे क्लोनिंग आणि अखेरीस संदेशवहनाचा मार्ग. जणू काय साधने हाती येत गेली तसतशी उत्तरेही आपोआप मिळत गेली. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून निराळे आहे. साधनांचा अभाव हे विलंबाचे एक कारण होते यात शंका नाही. परंतु प्रश्न कोणत्या टोकाकडून सोडवावयास घ्यावा याविषयीची एक रूढ समजूत हेही तितकेच प्रबळ कारण होते. आणि ज्या दोन प्रयोगशाळांनी ती समजूत बाजूस सारून जनुकाकडून उलट दिशेने वाटचाल केली, त्यांच्याच हाती हे उत्तर लागले, असे मला दाखवावयाचे आहे.

आरंभी मूळ प्रयोग थोडक्यात ध्यानात घेतला पाहिजे. एका विषाणूने ग्रासलेल्या प्राण्यात वा पेशीसमूहात दुसऱ्या विषाणूची वाढ पुष्कळदा होत नाही, ही गोष्ट १९३० नंतरच्या दशकापासून ठाऊक होती. तिचे कारण मात्र ठाऊक नव्हते. लंडनच्या मिल हिल भागातील नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत अ‍ॅलिक आयझॅक्स या ग्लासगोच्या विषाणुशास्त्रज्ञाबरोबर झ्याँ लिंडेनमान हा तरुण स्विस संशोधक काम करीत होता. या दोघांनी उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातील गर्भावरणाच्या तुकड्यांबरोबर काही तास ठेवला. त्या तुकड्यांत जिवंत विषाणू वाढेनासा झाला, यात नवल नव्हते. नवल हे की, ते तुकडे ज्या द्रवात ठेवले होते तो द्रव काढून नव्या, विषाणूचा स्पर्शही न झालेल्या तुकड्यांवर घातला असता तेही विषाणूला दाद देईनात. अर्थात पेशींनी स्वतःच काहीतरी निर्माण करून बाहेर सोडले होते. या 'काहीतरी'ला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले. टोकियोचे नागानो आणि कोजिमा यांनी १९५४ मध्येच सशाच्या त्वचेवरील प्रयोगांत अशाच एका अवरोधक घटकाची नोंद केली होती. त्यांचा निबंध फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला आणि इंग्रजी वाचणाऱ्या विषाणुशास्त्रज्ञांच्या जगात त्याची दखल उशिराच घेतली गेली. अग्रक्रमाचा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. पण जपानी संशोधकांचा उल्लेख टाळून इंटरफेरॉनचा इतिहास लिहू नये, एवढे म्हणावेसे वाटते.

पुढील काही वर्षे या द्रव्याच्या अस्तित्वाविषयीच अनेकांना संशय होता. थट्टेखोर विषाणुशास्त्रज्ञांनी त्याला 'मिसइंटरप्रेटॉन', म्हणजे चुकीच्या अर्थ लावण्यातून जन्मलेले द्रव्य, असेही नाव ठेवले होते. संशयाचे मूळ प्रमाणात होते. शुद्ध आल्फा इंटरफेरॉनच्या एका मिलिग्रॅममध्ये सुमारे २० कोटी एकके इतकी क्रियाशक्ती असते, हे पुढे कळले. इतक्या तीव्र द्रव्याचा लवलेशही प्रयोगाला पुरतो, आणि म्हणूनच ते वेगळे काढून दाखविणे दोन दशके कोणालाही साधले नाही. आयझॅक्स यांचे १९६७ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी निधन झाले. आपल्या द्रव्याचे शुद्ध रूप त्यांना पाहावयास मिळाले नाही.

तथापि त्यांच्या हयातीतच एक अत्यंत महत्त्वाचा धागा हाती आला होता. १९६४ मध्ये जॉइस टेलर यांनी असे दाखविले की, अ‍ॅक्टिनोमायसीन हे औषध दिलेल्या पेशींवर इंटरफेरॉनचा काहीही परिणाम होत नाही. अ‍ॅक्टिनोमायसीन डीएनएवरून आरएनएची प्रत निघू देत नाही, म्हणजे आज ज्याला प्रतिलेखन म्हणतात ती क्रिया थांबविते. त्याच वर्षी लॉकार्ट यांनीही विषाणूच्या अवरोधासाठी पेशीच्या स्वतःच्या आरएनएची आणि प्रथिनांची घडण चालू असावी लागते असे सिद्ध केले. याचा अर्थ असा की, इंटरफेरॉन हे विषाणूवर तुटून पडणारे शस्त्र नाही. ते पेशीला वर्दी देते, आणि मग पेशी आपल्या केंद्रकातील काही जनुके जागी करून स्वतःच स्वतःचे रक्षण करते. प्रश्नाचे नेमके स्वरूप येथेच ठरले : पेशीच्या बाह्य पटलावर येऊन थडकलेल्या प्रथिनाची वर्दी आत केंद्रकातील जनुकांपर्यंत कोण नेतो?

प्रश्न १९६४ मध्ये इतका स्पष्ट झालेला असता त्याचे उत्तर १९९२ पर्यंत का मिळू नये? येथे त्या काळच्या शरीरक्रियाशास्त्रातील एका मोठ्या यशाकडे वळले पाहिजे, कारण माझ्या मते याच यशाची छाया इंटरफेरॉनच्या प्रश्नावर पडली. अर्ल सदरलँड यांनी अ‍ॅड्रेनलीन या हार्मोनचा यकृताच्या पेशींवर होणारा परिणाम अभ्यासून चक्रीय एएमपी हा छोटा रेणू शोधून काढला. हार्मोन बाहेरच राहते. त्याच्या आगमनाने पेशीच्या आत हा लघुरेणू मोठ्या संख्येने तयार होतो आणि तोच पुढील सर्व घडामोडी घडवितो. हार्मोन हा पहिला दूत आणि लघुरेणू हा दुसरा. १९७१ मध्ये सदरलँड यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि 'दुसरा दूत' ही कल्पना सर्वमान्य झाली. ती खरी होती, फलदायी होती, आणि म्हणूनच तिचा मोह अनावर होता. इंटरफेरॉनच्या बाबतीतही तिचाच अवलंब झाला. चक्रीय एएमपीचा इंटरफेरॉनच्या विषाणुरोधक क्रियेशी काय संबंध आहे हे तपासणारे प्रयोग १९६९ पासूनच प्रसिद्ध होऊ लागले. पुढे मेदद्रव्यांपासून निघणाऱ्या लघुरेणूंचीही तशीच चौकशी झाली. काही ना काही चढउतार प्रत्येक वेळी आढळत असे. परंतु त्या चढउतारांचा नेमक्या जनुकांशी सांधा जुळत नसे. द्रव्य पटलावर आले, तेथून पुढे एकेक पाऊल टाकीत केंद्रकाकडे जावे, अशी ही पद्धत होती. आणि पटलापाशी उभे राहून पाहिले असता पेशीत एकाच वेळी इतक्या गोष्टी घडताना दिसतात की, त्यांतील कोणती आपली आणि कोणती परकी हे ठरविण्यास काहीच निकष उरत नाही.

१९७० नंतरच्या दशकाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. हेलसिंकीत कारी कँटेल यांनी रक्तदानातून मिळालेल्या श्वेतपेशींपासून इंटरफेरॉन बनविण्याची पद्धत बसविली. ते द्रव्य शेकडा १ च्या आसपासच शुद्ध असे. कर्करोगावर ते रामबाण ठरेल अशी आशा पसरली आणि १९७८ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्याच्या चाचण्यांसाठी २० लाख डॉलर बाजूला काढले. १९७९–८० च्या सुमारास जपानमध्ये तानिगुची यांनी बीटा इंटरफेरॉनचे आणि झुरिकमध्ये वाइसमान यांनी आल्फा इंटरफेरॉनचे जनुक क्लोन केले. वृत्तपत्रांतील गाजावाजा आणि त्यामागून आलेली निराशा हा एक स्वतंत्र विषय आहे. आपल्या दृष्टीने या गदारोळाचा एकच टिकाऊ लाभ झाला : जीवाणूंकरवी बनविलेले शुद्ध इंटरफेरॉन प्रयोगशाळांना हवे तेवढे मिळू लागले.

आता न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठाकडे वळू. जेम्स डार्नेल हे शिक्षणाने वैद्य. पोलिओच्या विषाणूवर त्यांनी प्रारंभी काम केले होते आणि पुढे मानवी पेशींत आरएनए कसा घडतो या विषयात त्यांची ख्याती झाली. त्यांच्या निबंधांवरून असे दिसते की, बाहेरच्या संकेताने एखादे जनुक चालू होते ते कसे, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता, आणि इंटरफेरॉन हे त्याचे एक सोयीचे उदाहरण होते. सोयीचे अशासाठी की, परिणाम जलद होतो आणि स्पष्ट होतो. १९८४ मध्ये अँड्र्यू लार्नर व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी असे दाखविले की, इंटरफेरॉन दिल्यानंतर थोड्याच वेळात दोन विशिष्ट जनुकांचे प्रतिलेखन सुरू होते, आणि यासाठी पेशीला नवे प्रथिन बनवावे लागत नाही. या दुसऱ्या निरीक्षणाचे मोल फार आहे. नवे काही बनवावयाचे नाही, तर जो निरोप्या केंद्रकात जातो तो आधीपासूनच पेशीत हजर असला पाहिजे. तो झोपलेला असेल, बांधलेला असेल, काहीही असेल. पण तो तेथे आहे.

मग त्याला शोधावे कसे? डार्नेल यांच्या गटाने पटलाकडे पाहिलेच नाही. त्यांनी जनुकाच्या दारात पहारा बसविला. इंटरफेरॉनमुळे जागी होणारी जी जनुके होती त्यांच्या अग्रभागी डीएनएचा सुमारे पंधरा अक्षरांचा एक समान तुकडा आढळला. तो काढून टाकला तर जनुक इंटरफेरॉनला प्रतिसाद देत नाही. १९८८ मध्ये डेव्हिड लेव्ही, नॅन्सी राइक आदींनी या तुकड्याला चिकटणारा एक प्रथिनसमूह ओळखला. इंटरफेरॉन न दिलेल्या पेशींत तो दिसत नसे. दिल्यावर काही मिनिटांतच दिसू लागे. त्याचे नाव आयएसजीएफ-३, म्हणजे इंटरफेरॉनने जागृत होणाऱ्या जनुकांचा तिसरा घटक. १९८९ मध्ये याच गटाने असे सिद्ध केले की, हा समूह प्रथम क्रियाशील होतो तो केंद्रकात नसून पेशीद्रव्यात, आणि नंतर केंद्रकात जातो. पेशीद्रव्याचे अर्क परीक्षानळीत एकत्र करून त्यांनी हा समूह पुन्हा जुळवूनही दाखविला. लंडनमध्ये डेल, कर आणि स्टार्क यांनीही त्याच वर्षी, इंटरफेरॉन न दिलेल्या पेशींच्या पेशीद्रव्यातच हा घटक सुप्तावस्थेत असतो, हे स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले.

येथवर आल्यावर प्रथिने शुद्ध करून त्यांची अमिनो आम्लांची क्रमवारी वाचणे एवढेच उरले होते. पण हे 'एवढेच' फार कष्टाचे ठरले. फू शिन-युआन, ख्रिश्चन शिंडलर आणि त्यांचे सहकारी यांनी मानवी हेला पेशी प्रचंड प्रमाणावर वाढविल्या आणि तोच पंधरा अक्षरांचा डीएनएचा तुकडा गळासारखा वापरून त्याला चिकटणारी प्रथिने वेगळी केली. अशा रीतीने डीएनएचा गळ करून प्रथिन पकडण्याची पद्धत काडोनागा आणि टिजियन यांनी १९८६ मध्येच मांडली होती. तिच्यावाचून हे काम झाले नसते, हे कबूल केले पाहिजे. गळाला चार प्रथिने लागली. त्यांची वजने ११३, ९१, ८४ आणि ४८ किलोडाल्टन होती. १९९२ मध्ये त्यांची क्रमवारी हाती आली, आणि ९१ व ८४ ही एकाच जनुकाची दोन रूपे असून ११३ हे त्यांचे जवळचे नातलग आहे, असे आढळले.

खरा धक्का याच्या पुढे होता. या प्रथिनांत एसएच-२ नावाचा सुमारे शंभर अमिनो आम्लांचा एक भाग दिसून आला. हा भाग टोनी पॉसन यांनी १९८६ मध्ये कर्करोगकारक प्रथिनांच्या अभ्यासात प्रथम दाखवून दिला होता. ज्या प्रथिनातील टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेटचा शिक्का बसलेला आहे, त्याला नेमके ओळखून चिकटणे हे या भागाचे काम असते. तो पटलाजवळ काम करणाऱ्या प्रथिनांत असावा, ही त्या वेळची अपेक्षा. जनुकावर बसणाऱ्या प्रथिनात तो असणे म्हणजे वेशीवरचा पहारेकरी आणि गाभाऱ्यातला पुजारी एकच निघण्यासारखे होते. लगोलग, याच वर्षी शिंडलर आणि शुआई यांनी प्रयोगाने दाखविले की, इंटरफेरॉन दिल्यावर या प्रथिनांच्या टायरोसीनवर खरोखरच फॉस्फेट बसतो. दुसरा दूत कोठेच नव्हता. जो घटक जनुकावर जाऊन बसतो तोच पटलापाशी निरोप घेतो, आणि स्वतःच तो घेऊन केंद्रकात जातो.

परंतु फॉस्फेट बसविणारा एन्झाइम कोणता? न्यूयॉर्कच्या पद्धतीने हे कळण्यासारखे नव्हते, कारण असा एन्झाइम डीएनएच्या गळाला लागत नाही. हे दुसरे अर्धे उत्तर लंडनच्या इंपीरियल कॅन्सर रिसर्च फंडाच्या प्रयोगशाळांतून आले. तेथे इयन कर आणि जॉर्ज स्टार्क काम करीत होते. कर हे मिल हिलचे. इंटरफेरॉन दिलेल्या पेशींत आरएनएच्या नाशास कारण होणारा एक विलक्षण रेणू त्यांनी १९७८ मध्ये ब्राउन यांच्यासमवेत शोधला होता. स्टार्क हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. आरएनए ओळखण्याची 'नॉर्दर्न' पद्धत १९७७ मध्ये त्यांच्याच स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडली. या दोघांनी घेतलेला मार्ग शुद्ध आनुवंशिकीचा होता : ज्या पेशी इंटरफेरॉनबाबत बहिऱ्या झाल्या आहेत त्या मिळवावयाच्या आणि प्रत्येकीत काय हरवले आहे ते पाहावयाचे.

जीवाणूंत वा यीस्टमध्ये हा मार्ग नित्याचा होता. मानवी पेशींत तो जवळजवळ वेडेपणाचा वाटावा असा होता, कारण मानवी पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि बहिरेपणा यावयाचा तर दोन्ही निकामी व्हाव्या लागतात. शिवाय लाखो पेशींतून एखादी बहिरी पेशी निवडावी कशी, ही अडचण होतीच. सांद्रा पेलेग्रीनी यांनी सहकाऱ्यांसह १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखी आहे. त्यांनी मानवी अर्बुदापासून निघालेल्या एचटी-१०८० या पेशींचा असा एक वाण घेतला की, ज्यात न्यूक्लिइक आम्लांचे विशिष्ट घटक पुन्हा वापरात आणणारा एन्झाइम नाही. मग त्याच कामाचे एक जीवाणूचे जनुक त्यांनी त्या पेशींत घातले. परंतु त्याच्या दारात इंटरफेरॉनने उघडणारे कुलूप बसविले. परिणाम असा झाला की, इंटरफेरॉन दिले म्हणजे तो एन्झाइम तयार होई. आता ६-थायोग्वानीन हे द्रव्य असे आहे की, एन्झाइम असलेल्या पेशीला ते मारते आणि नसलेल्या पेशीला मारीत नाही. पेशींना उत्परिवर्तक द्रव्य पुन्हा पुन्हा द्यावयाचे, नंतर इंटरफेरॉन आणि ६-थायोग्वानीन एकत्र द्यावयाचे. ज्या पेशींनी इंटरफेरॉनचा निरोप ऐकला त्या मेल्या. ज्या बहिऱ्या होत्या तेवढ्या वाचल्या.

अशा रीतीने मिळालेल्या बहिऱ्या पेशींचे वाण यू-१-ए, यू-२-ए, यू-३-ए असे क्रमाने नोंदविले गेले. पहिल्या वाणाचे कोडे १९९२ मध्ये सुटले. लॉरा व्हेलास्केझ आणि पेलेग्रीनी यांनी पॅरिसमध्ये यू-१-ए पेशींत निरोगी मानवी डीएनए घालून त्यांचा बहिरेपणा घालविला, आणि तो घालविणारे जनुक वेगळे केले. ते टिक-२ नावाच्या, टायरोसीनवर फॉस्फेट बसविणाऱ्या कायनेज जातीच्या एन्झाइमचे निघाले. हे जनुक १९९० मध्येच क्लोन झालेले होते. त्याचे काम मात्र कोणास माहीत नव्हते. १९९३ मध्ये यू-४-ए या वाणात जॅक-१ हा एन्झाइम नसल्याचे आणि गॅमा इंटरफेरॉनपुरत्या बहिऱ्या असलेल्या आणखी एका वाणात जॅक-२ नसल्याचे सिद्ध झाले.

या जॅक नावाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. मेलबर्नमध्ये अँड्र्यू विल्क्स यांनी १९८९ मध्ये नवे कायनेज शोधण्याच्या सर्वसाधारण मोहिमेत हे एन्झाइम प्रथम गाठले. असे कायनेज त्या वर्षांत डझनांनी सापडत होते, म्हणून प्रयोगशाळेत त्यांना 'जस्ट अनदर कायनेज', आणखी एक कायनेज, असे म्हणत आणि त्याची आद्याक्षरे म्हणजे जॅक. पुढे त्यांच्या रचनेत कायनेजसारखे दोन भाग, एक खरा व एक निष्क्रिय वाटणारा, असल्याचे लक्षात आल्यावर दोन मुखांच्या रोमन द्वारदेवतेवरून 'जेनस कायनेज' असा प्रतिष्ठित अर्थ त्याच अक्षरांना देण्यात आला. मुद्दा असा की, हे एन्झाइम ज्यांनी शोधले त्यांच्या हाती ते चार वर्षे कामावाचून पडून होते. एन्झाइम आहे, पण त्याचा प्रश्न कोणता हे ठाऊक नाही, अशी ती अवस्था. बहिऱ्या पेशींनी त्याला प्रश्न मिळवून दिला.

या वाणांचे कोष्टक मांडून पाहिले म्हणजे त्यांच्यातील तर्कशास्त्र स्वच्छ दिसते. टिक-२ गेला तर आल्फा इंटरफेरॉन ऐकू येत नाही, गॅमा येतो. जॅक-२ गेला तर गॅमा येत नाही, आल्फा येतो. जॅक-१ गेला तर दोन्ही बंद. ४८ किलोडाल्टनचे प्रथिन गेले तर यू-२-ए. ११३ चे गेले तर यू-६-ए. आणि ९१ चे गेले तर यू-३-ए, म्हणजे पुन्हा दोन्ही प्रकारच्या इंटरफेरॉनांना पूर्ण बहिरेपणा. न्यूयॉर्कच्या गळाला लागलेली प्रथिने आणि लंडनच्या पेशींतून हरवलेली प्रथिने ही एकच होती. एका पद्धतीने काय आहे ते दाखविले, दुसरीने काय नसले तर अडते ते दाखविले. आणि कारण सिद्ध करावयाचे तर या दोन्ही गोष्टी लागतात.

या संगमाचे सर्वांत सुंदर उदाहरण १९९३ चे आहे. शुआई यांनी ९१ किलोडाल्टनच्या प्रथिनात फॉस्फेट कोठे बसतो ते हुडकून काढले : ७०१ या क्रमांकाचे टायरोसीन. त्यांनी या एकाच जागी टायरोसीनऐवजी फेनिलअ‍ॅलनीन बसविले. या दोन अमिनो आम्लांत फरक केवळ एका हायड्रॉक्सिल गटाचा, परंतु फॉस्फेट त्याच गटाला जोडला जातो. मूळ प्रथिन यू-३-ए पेशींत घातले तर त्यांना पुन्हा ऐकू येऊ लागे. बदललेले घातले तर त्या बहिऱ्याच राहत. न्यूयॉर्कचे प्रथिन आणि लंडनच्या पेशी एकत्र आल्यावाचून हा प्रयोग करताच आला नसता. १९९४ मध्ये असेही दिसून आले की, फॉस्फेट बसलेल्या दोन रेणूंपैकी प्रत्येकाचा एसएच-२ भाग दुसऱ्याच्या फॉस्फेटला धरून ठेवतो, आणि अशी परस्परांत गुंतलेली जोडी डीएनएवर बसते. त्याच वर्षी डार्नेल, कर आणि स्टार्क या तिघांनी मिळून 'सायन्स'मध्ये संपूर्ण मार्गाचे विवेचन प्रसिद्ध केले. तोवर या प्रथिनकुलाला स्टॅट हे नाव मिळाले होते. 'संदेशवाहक आणि प्रतिलेखनाचे प्रवर्तक' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. ९१ व ८४ म्हणजे स्टॅट-१ ची दोन रूपे आणि ११३ म्हणजे स्टॅट-२. रुग्णालयांतील इंग्रजी व्यवहारात 'स्टॅट' म्हणजे तत्काळ. काही मिनिटांत काम उरकणाऱ्या या प्रथिनांस ते नाव शोभून दिसते.

माझ्या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. मेंफिसमध्ये जेम्स आयली यांच्या गटाने १९९३ मध्ये तांबड्या पेशींची वाढ करणाऱ्या एरिथ्रोपोएटीन या हार्मोनच्या ग्राहक प्रथिनापासूनच आरंभ करून जॅक-२ पर्यंत मजल मारली. म्हणजे पटलाच्या टोकाकडूनही वाट होतीच. हे खरे आहे. परंतु त्या वाटेने एन्झाइमपर्यंतच जाता येत होते; एन्झाइमपासून जनुकापर्यंतचे अंतर स्टॅट प्रथिने आधी ठाऊक झाली म्हणूनच पुढे भरून निघाले. जनुकाकडून निघालेल्यास मात्र एक निकष सतत हाताशी होता : जे या पंधरा अक्षरांवर बसत नाही, किंवा जे हरवल्याने हे जनुक बंद पडत नाही, ते आपले नव्हे.

पुढील इतिहास या प्रथिनांना जिवंत प्राण्यात तपासण्याचा आहे. परीक्षापात्रातील पेशींत स्टॅट-१ अनेक हार्मोनांनी व वृद्धिघटकांनी क्रियाशील होताना दिसे, म्हणून ते नसलेला प्राणी जगणारच नाही असा पुष्कळांचा कयास होता. १९९६ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील लेव्ही यांच्या गटाने आणि सेंट लुइसच्या श्रायबर यांच्या गटाने स्टॅट-१ नसलेले उंदीर निर्माण केले. ते वरवर धडधाकट वाढले. मात्र विषाणूंचा संसर्ग होताच बळी पडले. पेशींवरून प्राण्याविषयी अनुमान करताना किती जपावे लागते, याचे हे उत्तम उदाहरण होय. २००३ मध्ये स्टॅट-१ संपूर्णपणे नसलेली दोन मानवी अर्भके वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली; दोघांनाही क्षयाच्या जातीच्या जीवाणूंचा आजार झाला होता आणि दोघेही विषाणुजन्य रोगाने दगावले. मार्गाचा एकच टप्पा तुटला तर माणसाचे काय होते, याचा हा पुरावा होता. कोविडच्या साथीत २०२० मध्ये तर अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली. तेथे पेशी बहिरी नव्हती, निरोपच वाटेत अडविला जात होता.

उलट्या दिशेचा बिघाडही पुढे आला. २००५ मध्ये अनेक गटांनी जवळजवळ एकाच वेळी असे दाखविले की, रक्तपेशींची बेसुमार वाढ होणाऱ्या काही रोगांत जॅक-२ च्या ६१७ व्या जागी व्हॅलीनऐवजी फेनिलअ‍ॅलनीन आलेले असते. ही जागा एन्झाइमच्या खऱ्या मुखात नसून त्या दुसऱ्या, निष्क्रिय म्हणून दुर्लक्षिल्या गेलेल्या मुखात आहे. ते मुख लगामाचे काम करते, आणि लगाम सुटल्याने एन्झाइम अविरत चालू राहतो. जॅक एन्झाइमांना थोपविणारी औषधे यानंतर वापरात आली : २०११ मध्ये अस्थिमज्जेच्या तंतुमय विकारावर रुक्सोलिटिनिब, २०१२ मध्ये संधिवातावर टोफासिटिनिब. इंटरफेरॉनचा निरोप पोहोचविणारी वाट अडविणे हाही उपचार ठरला. साहजिकच ही औषधे घेणाऱ्यांस जंतुसंसर्गाविषयी सावध राहावे लागते.

१९९४ च्या चित्रात दुरुस्त्याही झाल्या आहेत. स्टॅट-१ च्या ७२७ व्या जागी सेरीनवरही फॉस्फेट बसतो आणि त्यावाचून प्रतिलेखन पूर्ण जोमाने होत नाही, हे १९९५ मध्ये दिसले. डीएनएवर बसलेल्या स्टॅट-१ च्या जोडीची स्फटिकरचना १९९८ मध्ये मिळाली, आणि ती जोडी डीएनएला चिमट्यासारखी धरते हे प्रत्यक्ष दिसले. २००५ मध्ये मात्र फॉस्फेट न बसलेल्या स्टॅट-१ ची रचना प्रसिद्ध झाली, आणि तीतही जोडीच होती. केवळ तिची मांडणी उलटसुलट, एकाचे डोके दुसऱ्याच्या पायाशी अशी. म्हणजे एकेकटे रेणू फॉस्फेटमुळे प्रथमच एकत्र येतात, ही १९९४ ची समजूत अपुरी होती. आधीपासून जोडीने असलेले रेणू फॉस्फेट बसताच कूस बदलून नव्या रीतीने जुळतात, असे आता मानले जाते. विद्यार्थ्यांच्या हाती असलेल्या बहुतेक आकृत्यांत पेशीद्रव्यातील स्टॅट-१ अजूनही एकटाच काढलेला असतो. सस्तन प्राण्यांत स्टॅट प्रथिने सात आणि जॅक एन्झाइम चारच आहेत. त्यांच्याकरवी निरोप पाठविणारे बाहेरील संकेत मात्र पन्नासांहून अधिक आहेत. इतक्या थोड्या दूतांकडून इतके निरनिराळे निरोप एकमेकांत न मिसळता कसे पोहोचतात, या प्रश्नावर आज काम चालू आहे, आणि त्या कामात लंडनच्या त्या बहिऱ्या पेशींचे वाण अद्याप वापरले जातात.